राष्ट्रपती होण्याआधी झाकीर हुसेन काय करत होते? जामियातल्या मुलांच्या शाळेची गोष्ट

अलीकडे बऱ्याच शहरांत एक नवी पाटी दिसते. मॉन्टेसरी पद्धतीचं शिक्षण आणि सोबत दीनी तालीम, म्हणजे इस्लामची शिकवण. आईवडिलांना दोन्ही हवं असतं. मुलाने हाताने काही करावं, स्वतः शोधावं, आनंदात वाढावं. आणि घरातल्या श्रद्धेपासून तुटूही नये. ही कल्पना अगदी आजची वाटते, पण हाच प्रश्न शंभर वर्षांपूर्वी दिल्लीत काही तरुण शिक्षकांसमोर उभा होता. त्यांचा म्होरक्या पुढे देशाचा राष्ट्रपती झाला.

डॉ. झाकीर हुसेन म्हटलं की आपल्याला सामान्यज्ञानाच्या पुस्तकातलं उत्तर आठवतं, भारताचे तिसरे राष्ट्रपती आणि पहिले मुस्लिम राष्ट्रपती. पण त्या पदावर ते दोन वर्षंही पुरती नव्हते. त्याआधीची बावीस वर्षं त्यांनी एका कफल्लक संस्थेत काढली, आणि त्या संस्थेतही त्यांचा सगळ्यात जास्त जीव होता तो लहान मुलांच्या शाळेत.

पुस्तकांची गाडी ओढणारा सूफी

झाकीर हुसेन यांचा जन्म ८ फेब्रुवारी १८९७ चा, हैदराबादचा. घराणं मूळचं आफ्रिदी पठाणांचं, उत्तर प्रदेशातल्या फर्रुखाबाद जिल्ह्यातल्या कायमगंज गावचं. वडील फिदा हुसेन खान हैदराबादेत वकिली करायचे. १९०७ मध्ये ते गेले आणि आई मुलांना घेऊन कायमगंजला परतली. एकूण सात भाऊ, झाकीर तिसरे.

त्यांना इटाव्याच्या इस्लामिया हायस्कूलमध्ये घातलं गेलं. १९११ मध्ये गावात प्लेगची साथ आली आणि त्यात आई गेली. चौदाव्या वर्षी हा मुलगा पूर्ण पोरका झाला.

याच काळात त्यांना हसन शाह नावाचा सूफी भेटला. हा माणूस गावोगाव पायी फिरायचा आणि पुस्तकं जमवायचा. विकत घेण्याची ऐपत नसेल तर हाताने नकलून घ्यायचा. सुटीत घरी आलेल्या झाकीरलाही त्याने या कामाला बसवलं. दुसऱ्याचं पुस्तक नकलायचं तर अक्षर नीट हवं, मन जागेवर हवं, घाई चालत नाही. पुढे झाकीर हुसेन यांनी शिक्षणाविषयी जे काही मांडलं त्याचं मूळ शोधायला लोक जर्मनीपर्यंत जातात. ते चूक नाही, पण थोडं मूळ या नकला करणाऱ्या फकिराजवळही सापडतं. तिथे काम आणि इबादत वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेल्या नव्हत्या.

इटाव्यानंतर ते अलिगढच्या मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजात आले. इंग्रजी राज्यात मुसलमान तरुणाला सरकारी नोकरी मिळवून देणारं हे खात्रीचं ठिकाण होतं. हुशार, बोलण्यात पटाईत, मित्रांत लोकप्रिय अशा झाकीरसाठी पुढचा रस्ता सरळ आखलेला होता.

ऑक्टोबर १९२०

तो रस्ता १९२० च्या ऑक्टोबरात मोडला. असहकाराचा प्रचार करत गांधीजी आणि अली बंधू अलिगढला आले. सरकारच्या पैशावर चालणारी कॉलेजं सोडा, असं त्यांचं सांगणं होतं. झाकीर त्या दिवशी दिल्लीला डॉ. अन्सारींकडे गेले होते. परतल्यावर त्यांच्या कानावर पडली ती पाहुण्यांची उडवलेली टिंगल. कॉलेजची मुलंच हसून हसून सांगत होती. झाकीरना याची मनापासून लाज वाटली.

ते पुन्हा दिल्लीला गेले आणि हकीम अजमल खान, डॉ. अन्सारी, मौलाना मोहम्मद अली यांना भेटले. तुम्ही राष्ट्रीय शिक्षणाची संस्था काढा, आम्ही कॉलेज सोडून तिच्यात येतो, असं त्यांनी सांगितलं. २९ ऑक्टोबर १९२० रोजी अलिगढच्या मशिदीत मौलाना महमूद हसन यांच्या हस्ते जामिया मिल्लिया इस्लामिया सुरू झाली. आरंभीचे वर्ग तंबूंत भरले.

मौलवी, काँग्रेसवाले आणि इंग्रजी शिकलेले तरुण असे तिघे एका छताखाली आले होते. संस्था मुसलमानांची होती, पण सरकारची नव्हती आणि देशापासून फटकूनही नव्हती. असं काही टिकेल यावर फार थोड्यांचा विश्वास होता.

झाकीर हुसेन १९२२ मध्ये अर्थशास्त्रात डॉक्टरेट करायला बर्लिनला गेले. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या शेतीव्यवस्थेवर त्यांनी प्रबंध लिहिला. पण त्यांचं लक्ष सारखं शाळांकडे वळायचं. जर्मनीत तेव्हा गेऑर्ग केर्शेनश्टायनर या शिक्षणतज्ज्ञाच्या कामाच्या शाळेची चर्चा होती. त्या शाळेत मूल पुस्तक घोकत नाही, काहीतरी बनवतं आणि बनवताना शिकतं. तिथेच एका छापखान्यात झाकीर हुसेन यांनी गालिबच्या काव्याची सुबक छोटी आवृत्ती छापून घेतली आणि तिचे खिळे काही प्रमाणात स्वतःच्या हातांनी जुळवले. डॉक्टरेट करणाऱ्या माणसाला हे काम करायची काही गरज नव्हती, पण त्यांना ते आवडायचं.

डबघाईला आलेली शाळा

इकडे जामिया बुडत होती. खिलाफतीची चळवळ विझली आणि पैसा आटला. १९२५ मध्ये बंद करण्याच्याच गोष्टी सुरू होत्या. ही बातमी कळल्यावर झाकीर हुसेन आणि त्यांचे दोन मित्र, आबिद हुसेन आणि मोहम्मद मुजीब, यांनी बर्लिनहून कळवलं की आम्ही येतोय, बंद करू नका. हकीम अजमल खान यांनी स्वतःच्या जबाबदारीवर संस्था दिल्लीत करोल बागेत आणली. १९२६ च्या सुरुवातीला तिघे परतले आणि २९ वर्षांचे झाकीर हुसेन जामियाचे प्रमुख झाले.

१९२७ च्या अखेरीस अजमल खान गेले आणि पैशाची मुख्य वाटच बंद झाली. तेव्हा शिक्षकांनी एकत्र येऊन आपलीच एक संस्था बांधली. तिच्या सदस्यांनी शपथ घेतली की वीस वर्षं जामिया सोडायची नाही आणि महिन्याला १५० रुपयांहून जास्त पगार घ्यायचा नाही. प्रत्यक्षात १५० ही फार लांबची गोष्ट होती. पगार कमी मिळायचे, उशिरा मिळायचे, कधी मिळायचेच नाहीत. बड्या देणगीदाराची वाट बघण्याऐवजी साध्या माणसांकडून थोडी थोडी वर्गणी गोळा करायची पद्धत सुरू झाली आणि संस्था कशीबशी तगली.

मुलांची बँक, मुलांचं दुकान

पैसा नसताना त्यांनी काय उभं केलं, हे बघण्यासारखं आहे.

जामियाच्या प्राथमिक शाळेत अब्दुल गफ्फार मदहोली नावाचे शिक्षक होते. त्यांनी प्रकल्प पद्धतीने शिकवायला सुरुवात केली आणि झाकीर हुसेन त्यांच्या पाठीशी उभे राहिले. शाळेत मुलांची बँक होती, दुकान होतं, मुलांचं स्वतःचं सरकार होतं. दुकानाचा हिशेब जुळला पाहिजे, म्हणून गणित शिकायचं. पत्र लिहायचं आहे, म्हणून भाषा शिकायची. जर्मनीत झाकीर हुसेन यांच्या ओळखीच्या झालेल्या गेर्डा फिलिप्सबॉर्न या ज्यू बाई १९३३ च्या सुमारास दिल्लीत आल्या आणि त्यांनी जामियात बालवर्गाचं काम हाती घेतलं. मुलं त्यांना आपाजान म्हणायची. दुसऱ्या महायुद्धात जर्मन नागरिक म्हणून इंग्रजांनी त्यांना काही काळ स्थानबद्ध केलं. १९४३ मध्ये त्या वारल्या आणि त्यांचं दफन जामियातच झालं.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी नूतन बाल शिक्षण संघ स्थापन केला तो १९२६ मध्येच. त्यांची वाट थेट मॉन्टेसरीची होती. जामियाची वाट जर्मन कामाची शाळा आणि अमेरिकी प्रकल्प पद्धत यांतून आलेली. मारिया मॉन्टेसरी स्वतः भारतात आल्या त्या १९३९ मध्ये, मद्रासजवळच्या अड्यारला. वाटा वेगळ्या असल्या तरी मुलाचे हात रिकामे ठेवून त्याचं डोकं भरता येत नाही, हे सगळ्यांना पटलेलं होतं.

मग यात इस्लाम कुठे होता? जामियात कुराण आणि धर्माची ओळख अभ्यासक्रमात होतीच. नमाज होती, रोजे होते. पण झाकीर हुसेन यांच्या लेखी धर्मशिक्षण त्या तासापुरतं नव्हतं. उर्दूत तालीम आणि तरबियत असे दोन शब्द जोडीने येतात. तालीम म्हणजे शिकवणं, तरबियत म्हणजे घडवणं, जोपासणं. त्यांचा भर दुसऱ्या शब्दावर होता. परंपरेत याला आधारही होता. ११११ मध्ये निधन पावलेले इमाम गझाली यांनी मकतबातून सुटलेल्या मुलाला खेळू द्यावं, सतत अभ्यासाला जुंपलं तर त्याचं मन मरतं, असं लिहून ठेवलं आहे. चौदाव्या शतकातल्या इब्न खल्दून यांनीही मुलांशी कठोर वागण्याचे तोटे सांगितले आहेत. छडी आणि घोकंपट्टी ही इस्लामी शिक्षणाची ओळख मानणाऱ्यांना, आतल्यांना आणि बाहेरच्यांनाही, हे आठवत नाही.

झाकीर हुसेन यांनी यात आपली एक गोष्ट घातली. नुसतं हात हलवणं म्हणजे शिक्षण नव्हे, असं ते मांडायचे. आधी काय करायचं आहे ते मुलाला कळावं. मग ते कसं करायचं, हे त्याने ठरवावं. मग करावं. आणि शेवटी आपलं काम आपणच तपासावं, चुकलं असेल तर स्वतःला सूट देऊ नये. या शेवटच्या पायरीवर त्यांचा फार कटाक्ष होता. कोणी बघत नसतानाही काम चोख करणं त्यांच्या दृष्टीने श्रद्धेची खूण होती. म्हणून त्यांच्या शाळेत सुतारकाम आणि धर्म यांचं भांडण होत नव्हतं.

हे सगळं ते स्वतः वागून दाखवायचे. मुलं मळके बूट घालून येतात म्हणून ते एकदा ब्रश आणि पॉलिश घेऊन फाटकाशी बसले, अशी गोष्ट जामियात सांगतात. दुसरी आठवण मात्र मनाला चटका लावणारी आहे. प्राथमिक शाळेच्या मुलांना निकालानंतर ते मिठाई वाटत होते. शिपायाने कानात सांगितलं की धाकटी मुलगी रेहाना फार आजारी आहे. थोड्या वेळाने तो पुन्हा आला, ती गेल्याचं सांगायला. त्यांचा चेहरा उतरला, पण मिठाई वाटणं थांबलं नाही. नंतर विचारल्यावर त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मुलं इतकी खुशीत होती, त्यांचा आनंद मोडावासा वाटला नाही. याला थोरपण म्हणायचं की घरच्यांवर अन्याय, हे ज्याचं त्याने ठरवावं. मुलांसाठी लिहिलेल्या आपल्या काही गोष्टी त्यांनी छापल्या त्या रुकय्या रेहाना या नावाने. अब्बू खाँ आणि त्यांची स्वातंत्र्यवेडी बकरी ही त्यांची उर्दूतली प्रसिद्ध बालकथाही त्यांतलीच.

१ मार्च १९३५ रोजी ओखल्याला जामियाच्या नव्या जागेत पायाचा दगड बसवायचा होता. अशा वेळी नवाब किंवा मंत्री बोलावायची रीत. जामियाने शाळेतला सगळ्यात लहान विद्यार्थी अब्दुल अझीझ याला पुढे केलं.

वर्ध्यात गांधीजींसमोर

ऑक्टोबर १९३७ मध्ये झाकीर हुसेन वर्ध्याला आले. अनेक प्रांतांत काँग्रेसची सरकारं नुकतीच आली होती आणि शिक्षणाचं काय करायचं हा प्रश्न होता. मारवाडी शिक्षण मंडळाच्या शाळेत २२ आणि २३ ऑक्टोबरला परिषद भरली. अध्यक्ष खुद्द गांधीजी. त्यांची कल्पना अशी की शाळेत मुलाला सूतकताईसारखा हस्तोद्योग मध्यभागी ठेवून शिकवावं, आणि मुलांनी बनवलेल्या वस्तूंतून शिक्षकाचा पगार निघावा.

झाकीर हुसेन बोलायला उभे राहिले आणि त्यांनी गांधीजींच्या तोंडावर आपली शंका सांगितली. कामातून शिक्षण ही कल्पना चांगली आहे, पण ती नवी नाही, जगात इतर शिक्षणतज्ज्ञांनी ती मांडलेली आहे. आणि शाळा स्वतःचा खर्च स्वतः काढेल यावर जोर दिला तर शिक्षक मुकादम बनेल आणि मुलांचे हात कमाईला जुंपले जातील. वर्ध्याच्या त्या मंडपात, भक्तांच्या गर्दीत, हे बोलायला धाडस लागत होतं.

गांधीजींनी योजना आखायच्या समितीचं अध्यक्षपद त्यांनाच दिलं. समितीत विनोबा, काका कालेलकर, किशोरलाल मश्रूवाला, श्रीकृष्णदास जाजू, जे. सी. कुमारप्पा, ख्वाजा गुलाम सय्यदैन अशी माणसं होती. डिसेंबरच्या सुरुवातीला अहवाल तयार झाला. ७ ते १४ वर्षांच्या सर्व मुलामुलींना मोफत आणि सक्तीचं शिक्षण, मातृभाषेतून, एका हस्तोद्योगाभोवती बांधलेलं, असा त्याचा गाभा. दिवसाची शाळा साडेपाच तासांची. त्यातले ३ तास २० मिनिटं हस्तोद्योगाला, मातृभाषेला ४० मिनिटं, संगीत, चित्रकला आणि गणिताला मिळून ४० मिनिटं. झाकीर हुसेन यांनी अहवालात आपली धास्तीही नोंदवली की आर्थिक बाजू शैक्षणिक बाजूच्या वरचढ होता कामा नये. पुढे सेवाग्रामला हिंदुस्तानी तालीमी संघ स्थापन झाला आणि त्याचेही ते अध्यक्ष झाले. आपण ज्याला नई तालीम म्हणतो ती हीच.

दोन्हीकडून मार

इथून त्यांच्या आयुष्यातला अवघड भाग सुरू होतो. वर्धा योजनेत धर्मशिक्षणाचा तास नव्हता. धर्मावरून शाळेत भांडणं शिरू नयेत, म्हणून गांधीजींनी तो बाहेर ठेवला होता. मुस्लिम लीगने यावर टीकेची झोड उठवली. मध्य प्रांत-वऱ्हाडात तेव्हाच निघालेल्या विद्यामंदिर योजनेच्या नावातल्या मंदिर या शब्दाने आगीत तेल ओतलं. मुसलमान मुलांना हिंदू साच्यात घालायचा डाव, असं चित्र उभं राहिलं. आणि त्या डावाचा चेहरा म्हणून दाखवला गेला तो माणूस, ज्याने स्वतःची सगळी तारुण्याची वर्षं मुसलमान मुलांच्या शाळेला दिली होती!

आक्षेपात काहीच तथ्य नव्हतं, असं म्हणता येणार नाही. जामियात श्रद्धा रोजच्या जगण्यात मुरलेली होती. वर्ध्याच्या कागदावर ती जागा कोरी होती आणि ती कशी भरायची याचं उत्तर झाकीर हुसेन यांनाही सगळ्या देशासाठी देता आलं नाही. एका आवारात जमलेली गोष्ट लाखो शाळांना लागू करणं वेगळं असतं.

१९४६ मध्ये अंतरिम सरकारच्या बोलण्यांत काँग्रेसने मुस्लिम प्रतिनिधी म्हणून त्यांचं नाव सुचवलं तेव्हा जीनांनी विरोध केला, कारण लीगबाहेरचा मुसलमान त्यांना चालणार नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरात जामियाचा रौप्यमहोत्सव आला. बंगाल आणि बिहारमध्ये दंग्यांनी माणसं मरत होती. तरी झाकीर हुसेन यांनी नेहरू, आझाद, राजाजी आणि दुसरीकडे जीना, लियाकत अली यांना एकाच मंचावर आणून बसवलं. आग कोणी लावली हे नंतर ठरवा, आधी ती विझवा, असं त्यांनी या पुढाऱ्यांना विनवलं. माणसंच जनावरांसारखी वागू लागली तर शिक्षकाने कोणासाठी राबायचं, असा त्या भाषणाचा सूर होता. पाहुणे ऐकून गेले आणि नऊ महिन्यांत फाळणी झाली.

ऑगस्ट १९४७ मध्ये झाकीर हुसेन रेल्वेने काश्मीरला निघाले होते. जालंधर स्टेशनवर जमावाने त्यांना घेरलं. त्या दिवशी ते जिवानिशी सुटले ते एका हिंदू रेल्वे अधिकाऱ्यामुळे आणि एका शीख लष्करी अधिकाऱ्यामुळे. दिल्लीत परतले तर करोल बागेत जामियाची पुस्तकं जळालेली. ओखल्याच्या आवारात शिक्षक आणि मुलं रात्री जागून काढत होती. सप्टेंबरात गांधीजी दिल्लीत उतरले तेव्हा त्यांनी झाकीर हुसेन सुखरूप आहेत ना, याची चौकशी केली आणि जामियाला भेट दिली.

पदं आणि गुलाब

यापुढचा प्रवास पुस्तकांत आहेच. १९४८ मध्ये अलिगढ विद्यापीठाचे कुलगुरू. फाळणीनंतर त्या विद्यापीठाकडे संशयाने पाहिलं जात होतं आणि त्याला सावरायला मौलाना आझादांना हाच माणूस हवा होता. १९५७ ते ६२ बिहारचे राज्यपाल, मग उपराष्ट्रपती, १९६३ मध्ये भारतरत्न, १३ मे १९६७ रोजी राष्ट्रपती. जिथे गेले तिथे त्यांनी गुलाबांची बाग केली. गुलाबांच्या जाती त्यांना नावानिशी ठाऊक असत.

नई तालीमचं मात्र काही धड झालं नाही. सरकारांनी पाट्या लावल्या, चरखे दिले, पण असा शिक्षक घडवणं कोणी मनावर घेतलं नाही. शिक्षक सूत मोजत बसले आणि आईबापांना वाटलं की आपल्या मुलाला गरिबांची शाळा दिली आणि साहेबांच्या मुलांना इंग्रजी. वर्ध्यात १९३७ मध्ये व्यक्त केलेली भीती अशी वेगळ्याच रूपाने खरी ठरली. योजनेच्या या अंमलाबद्दल झाकीर हुसेन यांनी नंतरच्या काळात आपली निराशा लपवली नाही. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने हस्तोद्योगाऐवजी कार्यानुभव हा शब्द आणला. आपल्याकडे चाळिशी-पन्नाशीत असलेल्यांनी शाळेत जो कार्यानुभवाचा तास पाहिला, खडू बनवणं आणि कागदी फुलं करणं वगैरे, ते या मोठ्या कल्पनेचं उरलेलं टोक होतं.

३ मे १९६९ रोजी राष्ट्रपती भवनात हृदयविकाराने त्यांचं निधन झालं. पदावर असताना निधन पावलेले ते पहिले राष्ट्रपती. त्यांचं दफन ओखल्याला, जामियाच्या आवारात झालं.